ज्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही, ते रेडिएटरला नको

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारे तेल्हारा तालुक्यातले शेतकरी. गाडी वॅगनआर पेट्रोल, २००९ ची, दुसऱ्या हातची, सव्वा लाख किलोमीटर चाललेली. अकोटच्या बाजारात गर्दीत अडकली आणि एसी चालू असला की तापमानाचा काटा वर चढतो. मोकळ्या रस्त्यावर ठीक चालते, पण परतवाड्याहून चिखलदऱ्याला जाताना घाटातही तपली. तीन-चार दिवसांत अर्धा लिटर पाणी कमी होतं, खाली मात्र थेंब दिसत नाही. पहिल्या मिस्त्रीनं थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी अडवणारा वॉल्व) काढून टाकला, फरक पडला नाही. दुसरा म्हणतो हेड गॅसकेट, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग (हेड) आणि खालचा ब्लॉक यांच्या सांध्यातलं पॅकिंग गेलं, हेड उतरवावं लागेल, अठरा-वीस हजार लागतील. पाणी घरच्या बोअरचं टाकतात. हेड खोलू का?

भाऊ, हेड खोलू नका. निदान आत्ता तरी नका. गॅसकेट गेलेलं असूही शकतं, मी गाडी पाहिलेली नाही. पण तुम्ही सांगितलेल्या एकाही लक्षणावरून ते सिद्ध होत नाही, आणि एका रुपयाचा खर्च न करता घरी पाहता येतील अशा चार-पाच गोष्टी अजून कोणी पाहिलेल्या दिसत नाहीत. तुम्ही सगळ्यात शेवटी जे लिहिलं, बोअरचं पाणी, ते मी सगळ्यात आधी घेतो.

दर्यापूरला माझं सव्वीस वर्षांचं गॅरेज आहे. पूर्णेच्या दोन्ही अंगांना अकोला, अमरावती, बुलढाण्याचा जो खारपाणपट्टा, म्हणजे जमिनीखालचं पाणी खारं असलेला भाग, आहे, त्याच्या पोटातच म्हणा ना. इथल्या बायांना बोअरच्या पाण्याबद्दल जे कळतं ते गाडीवाल्यांना कळत नाही. साबणाला फेस येत नाही, तुरीची डाळ तासभर उकळली तरी दाणा दाण्याला ओळख देत नाही, म्हणून स्वयंपाकाला वान नाहीतर शहानूर धरणाच्या नळाचं पाणी जपून ठेवतात. आणि तेच डाळ न शिजवणारं पाणी आपण बादलीनं गाडीत ओततो. घरी एक करून पाहा. स्टीलच्या ताटलीत अर्धी वाटी बोअरचं पाणी घ्या आणि दुपारच्या उन्हात गच्चीवर ठेवा. संध्याकाळी ताटलीत जो पांढरा थर उरेल, तोच तुमच्या इंजिनात रोज थोडा थोडा बसतोय.

आता हे लक्षात घ्या की रेडिएटरच्या नळ्या चपट्या असतात. आतली फट काडीपेटीच्या काडीएवढीसुद्धा नसते. मागच्या उन्हाळ्यात अशीच एक गाडी आली, तिच्या रेडिएटरची वरची प्लास्टिकची टाकी मी गिऱ्हाइकासमोरच उघडली. ॲल्युमिनियमच्या पत्र्याचे दात एकेक करून उचकटले, टाकी बाजूला केली. नळ्यांची तोंडं एका ओळीत दिसायला हवी होती. तिथं दिसलं काय, तर भिंतीला चुना फासावा तसा मळकट पांढरा थर, आणि अर्ध्याहून जास्त तोंडं बुजलेली. नखानं खरवडलं तर नखात भरलं, बोटाला चरचरीत लागलं. खालच्या अंगाला तांबूस गाळ. मी वरून मगभर पाणी ओतलं, ते गळणाऱ्या नळासारखं खाली टपकत राहिलं. चांगल्या रेडिएटरमधून ते भसकन जातं. गिऱ्हाईक बघतच राहिलं. त्या गाडीचंही हेड खोलायचं ठरलं होतं बरं का.

रोज पाणी टाकल्यानं काम आणखी बिघडतं, हे बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. गाडीतून कमी होतं ते पाणी वाफेनं जातं. वाफ क्षार घेऊन जात नाही, ते मागेच राहतात. मग तुम्ही नवं अर्धा लिटर खारं पाणी टाकता. मिठागरात हेच तर करतात, पाणी आटवायचं आणि पुन्हा भरायचं. चार लिटरच्या आसपास पाणी मावणाऱ्या गाडीत महिन्याला चार-पाच लिटर बोअरचं पाणी मुरलं, तर आत काय जमलं असेल ते तुम्हीच धरा. शिवाय त्यातलं मीठ ॲल्युमिनियमला खातं. हेड ॲल्युमिनियमचं, रेडिएटर ॲल्युमिनियमचा. आधी बारीक खड्डे पडतात, मग सुईच्या टोकाएवढं भोक. आपल्याकडे मे महिन्यात ४५ अंशाच्या हवेत अशा भोकातून आलेला थेंब गरम भागावरच वाळून जातो, जमिनीपर्यंत पोचतच नाही. म्हणून ‘खाली थेंब नाही’ याला मी फार किंमत देत नाही. खुणा पाहतो. होसच्या (रबरी नळीच्या) तोंडाशी, वॉटर बॉडीच्या (पाणी फिरवणाऱ्या पंपाच्या) खाली, टाकीच्या सांध्यावर पांढरट किंवा हिरवट खपली धरलेली असते. पाणी गेलं, पण मीठ आपला पत्ता मागे ठेवून गेलं.

आता तपासणी. ही सकाळी, गाडी रात्रभर उभी राहून पार गार असताना करायची. गरम गाडीच्या रेडिएटरचं टोपण उघडायचं नाही म्हणजे नाही. माझ्या उजव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत जो गुळगुळीत पट्टा आहे, तो मी शिकाऊ असताना, घाईत, ओलं पोतं टाकून ‘थोडंसंच’ फिरवलेल्या टोपणाचा आहे. आत पाणी दाबाखाली असतं, म्हणून ते ११० अंशांवरही उकळत नाही. टोपण फिरवलं की दाब जातो आणि सगळं पाणी एका क्षणात वाफ होऊन तोंडावर येतं.

गार गाडीचं टोपण काढा आणि आधी नुसतं पाहा. पाणी तोंडापर्यंत आहे का? रंग कसा आहे? गंजलेल्या डब्यातल्यासारखं तांबडं असेल तर समजा की कूलंट (रेडिएटरच्या पाण्यात मिसळायचं औषध) कधीच मेलंय. दुधाळ, कॉफीसारखं असेल किंवा वर तेलाचे डोळे तरंगत असतील तर गोष्ट वेगळी, तेव्हा हेडवाल्या मिस्त्रीचं ऐकायला लागेल. ऑइलची डिपस्टिकही (ऑइल मोजायची पट्टी) ओढून पाहा. ऑइल भरायच्या टोपणाखाली हिवाळ्यात थोडा पांढरा फेस जमतो, विशेषतः गाडी रोज दोन-तीन किलोमीटरच चालत असेल तर. तेवढ्यावरून घाबरू नका, डिपस्टिकवर तसं दिसलं तर मात्र घाबरा.

मग टोपण काढलेलंच ठेवून तोंडापर्यंत पाणी भरा आणि गाडी चालू करा. तोंड बाजूला ठेवून पाहा. पहिल्या मिनिटात दोन-चार बुडबुडे येतीलच, आत अडकलेली हवा असते ती. पण बुडबुडे थांबतच नसतील, एकामागून एक, रेस केली की जास्त येत असतील, पाणी उसळून बाहेर पडत असेल, तर सिलिंडरमधली हवा पाण्यात शिरतेय. गॅसकेट किंवा हेडला चीर. टोपण लावून केलेली हीच परीक्षा अशी: गार गाडी चालू केली, दोन मिनिटांत वरची होस दाबून पाहिली आणि ती दगडासारखी कडक लागली. इंजिन अजून गरम झालेलं नाही, मग हा दाब कुठून आला? ही दोन्ही लक्षणं नसतील तर हेडला हात लावायची परवानगी कुणाला देऊ नका. शंका उरलीच तर निळं पाणी भरलेली एक नळी मिळते, ती टोपणाच्या जागी धरतात. जळालेली हवा येत असेल तर निळ्याचं पिवळं होतं. अकोल्याला चांगल्या गॅरेजमध्ये ती असते. मी स्वतः हेड उतरवायच्या आधी ती लावतोच, गिऱ्हाइकाला दाखवायला सुद्धा. रंग बदललेला त्याला दिसतो, मग बिलावर वाद होत नाही.

आता टोपणच हातात आहे तर तेही पाहून घ्या. आपल्या लोकांना टोपण म्हणजे झाकण वाटतं. ते झाकण नाही, तो वॉल्व आहे. त्यावर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो, तेवढा दाब तो आत धरून ठेवतो. साधं पाणी १०० अंशांना उकळतं, ०.९ च्या दाबाखाली ११८ च्या आसपास. म्हणजे टोपणाचं रबर कडक झालं, चिरलं, की तुमच्या गाडीचे अठरा अंश गेले. मग ती बाजारात उभी राहिली की पाणी उकळून रेडिएटरला जोडलेल्या बाटलीत, बाटलीतून रस्त्यावर. आणि थेंब कुठंच दिसणार नाही, कारण गळती नाहीच. टोपणाच्या मध्यभागी एक बारकी चकती असते, ती नखानं ओढली तर सरकायला हवी. गाडी गार होताना बाटलीतलं पाणी तिथूनच परत रेडिएटरमध्ये जातं. ती अडकली असेल तर सकाळी वरची होस चिपाडासारखी चपटी झालेली दिसेल. टोपण दोन-तीनशेला मिळतं. त्याच आकड्याचं घ्या. जास्त आकड्याचं लावून फायदा होईल असं वाटतं, पण मग तो दाब जुन्या होस आणि टाकीच्या सांध्यावर येतो. तुमच्या गाडीचं टोपण मी न तपासताच बदललं असतं. तीन-चार दिवसांत अर्धा लिटर आणि थेंब नाही, याचं पहिलं उत्तर नव्वद टक्के वेळा तेच निघतं.

यानंतर पंखा. गाडी उभी असताना तपते आणि रस्त्यावर तपत नाही, याचा साधा अर्थ असा की रस्त्यावर वारा रेडिएटर गार करतो आणि उभं राहिल्यावर ते काम पंख्यानं करायचं असतं, तो करत नाहीये. एसी चालू केला की पुढची जाळी, म्हणजे कंडेन्सर, आपली उष्णता रेडिएटरच्या अंगावर टाकते. ती आणखी भर. गाडी उभी ठेवा, एसी लावा. पंखा लगेच फिरायला हवा. एसी बंद ठेवून नुसतं इंजिन तापू द्या, साधारण ९५ अंशांच्या पुढेमागे पंखा आपोआप लागायला हवा आणि दोन-तीन मिनिटांत बंद पडायला हवा. लागलाच नाही तर फ्यूज, मग रिले (पंख्याला करंट सोडणारा स्विच). हॉर्नचा रिले तसाच असेल तर अदलाबदल करून पाहा. ईसीएम, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, असलेल्या बहुतेक गाड्यांत तापमानाच्या सेन्सरचा प्लग काढला की ईसीएम घाबरून पंखा चालू करतो. तसा झाला तर मोटार आणि वायरिंग ठीक, बिघाड सेन्सरचा. नाही झाला तर मोटारीला बॅटरीवरून सरळ करंट देऊन पाहायचा.

पंखा फिरतो म्हणजे ठीक आहे असंही नाही. अंजनगावकडची एक मारुती माझ्याकडे तिसऱ्या खेपेला आली होती. टोपण नवं, थर्मोस्टॅट नवा, रेडिएटर धुतलेला, पंखा जोरात फिरतोय आणि तरी बाजारात गरम. शेवटी मी पुढच्या जाळीसमोर वर्तमानपत्राचा कागद धरला. कागद जाळीला चिकटायला हवा होता, तो उडून माझ्याच अंगावर आला. कुणीतरी मोटार बदलताना प्लग तोडून वायरी हातानं जोडल्या होत्या, लाल-काळ्याची उलटापालट. पंखा उलटा फिरून इंजिनाची गरम हवा पुढे फेकत होता. वायरी बदलल्या, काम पाच मिनिटांचं. दोनदा तिच्यात हात घालून मला ते दिसलं नाही, हेही सांगतो. तेव्हापासून कागद धरल्याशिवाय मी पंख्याला पास करत नाही.

पंख्यासमोरची जाळीही पाहा. आपल्याकडे कापसाच्या हंगामात जिनिंगच्या रस्त्यावर जो रुईचा भुसा उडतो, ऑक्टोबरात सोयाबीन काढताना जी धूळ-कुटार उडते, ती सगळी कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मधल्या फटीत जाऊन बसते. पुढून पाहिलं तर कंडेन्सर स्वच्छ दिसतो. टॉर्च वरून आत मारा, मागच्या बाजूला गोधडीसारखा थर दिसेल. धुताना पाणी इंजिनाच्या बाजूनं पुढे मारायचं, म्हणजे घाण आली त्याच रस्त्यानं बाहेर जाते. वॉशिंग सेंटरच्या प्रेशरनं मारू नका. बारीक पत्र्या आडव्या झाल्या की जाळी कायमची बुजली. साधा पाइप, तोंडावर अंगठा, आणि सावकाश.

पण तुमची गाडी घाटातही तपली, आणि माझं बोट तिथं थांबतं. परतवाडा ते चिखलदरा चढताना वेग कमी असतो, इंजिनावर ताण जास्त, आणि उष्णता बाहेर काढायला रेडिएटरची पूर्ण ताकद लागते. उभी असताना तपते म्हणजे हवा कमी, चढावर तपते म्हणजे पाण्याचा ओघ कमी. दोन्हीकडे तपते तर एक तर दोन वेगवेगळे दोष आहेत, किंवा एकच, रेडिएटर आतून अर्धा बुजलाय. बोअरच्या पाण्याची गोष्ट ऐकल्यावर मी दुसऱ्यावर पैज लावेन. ते असं तपासायचं. गाडी चांगली गरम करून बंद करा, पंखा थांबल्यावर रेडिएटरच्या जाळीवर उष्णता मोजायची बंदूक वेगवेगळ्या ठिकाणी मारा. हजाराच्या आत-बाहेर मिळते, मित्राकडे असेल तर मागून आणा. वरून खाली किंवा एका टोकाकडून दुसऱ्याकडे आकडा हळूहळू उतरायला हवा. मध्येच एखादा पट्टा बाजूच्यापेक्षा एकदम गार लागला, तर त्या नळ्यांतून पाणी जातच नाही. बंदूक नसेल तर हाताच्या पाठीनं, पंख्याची वायर काढून ठेवून, जपून. पंखा चावी बंद असतानाही अचानक लागू शकतो, बोटं जातात.

घाटाचं दुसरं कारण वॉटर बॉडी. खाऱ्या पाण्यानं तिच्या आतल्या, पाणी ढकलणाऱ्या पंख्याची पाती झिजतात, कधी तो पंखा शाफ्टवर सैल होतो. बाहेरून पुली झकास फिरते, आत काही नाही. तिच्या खालच्या बाजूला एक बारीक भोक मुद्दाम दिलेलं असतं, सील गेलं की तिथून पाणी झिरपून खबर देतं. एका भावानं ते गळतं म्हणून एम-सीलनं बुजवलं होतं. दोन महिन्यांत बेअरिंग गेलं.

थर्मोस्टॅटचं आता बोलू, कारण यावरून माझी निम्म्या मिस्त्र्यांशी भांडणं होतात. ‘आपल्याकडे एवढं ऊन, थर्मोस्टॅट पाहिजेच कशाला’ म्हणून तो काढून फेकतात. तो ८०-८५ अंशांपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ देत नाही, इंजिन लवकर तापावं म्हणून. एकदा पूर्ण उघडला की तो पाण्याच्या आड येत नाही. म्हणजे बाजारात काटा वर चढतो तेव्हा तो तसाही उघडाच असतो, काढून काय मिळणार? उलट थंडीच्या दिवसांत पहाटे गाडी कितीतरी किलोमीटर गारच चालते, ईसीएमला वाटतं इंजिन थंड आहे, तो जास्त पेट्रोल सोडतो. आणि काही इंजिनांत तो काढला की पाण्याला रेडिएटर टाळून जायचा जवळचा रस्ता कायमचा मोकळा होतो. गरम पाणी इंजिनात गोल गोल फिरतं, रेडिएटरकडे थोडंच जातं. थंड करायला काढला आणि गाडी जास्त तपायला लागली, असंही घडतं. तो बंद अवस्थेत अडकलेला असेल तर नक्कीच गाडी तपेल, पण मग बदला, काढू नका. तपासायला पातेलं आणि दोरा पुरतो. दोरीनं पाण्यात लटकवा, बुडाला टेकू देऊ नका, गॅसवर ठेवा. त्याच्यावर कोरलेल्या आकड्याच्या आसपास तो उघडायला लागला आणि उकळायच्या आधी पुरेसा उघडला की चांगला. नवा लावताना त्यातली बारकी हलणारी पिन वरच्या बाजूला ठेवायची, हवा तिथून निघते. तुमच्या गाडीत तो परत बसवायचा आहे, हे विसरू नका.

उपायाकडे येऊ. वरच्या तपासणीत बुडबुडे नाहीत, डिपस्टिक स्वच्छ, तर माझ्याकडे मी या क्रमानं करीन: नवं टोपण, नवा थर्मोस्टॅट, होसेस दाबून पाहून मऊ पडलेल्या किंवा फुगलेल्या बदलायच्या, वॉटर बॉडीत खेळ असेल तर तीही. रेडिएटर इतका बुजलेला निघाला तर नवाच. पूर्वी तांब्या-पितळेचे रेडिएटर असायचे, टाकी उकलून सळई घालून साफ करायचे, पुन्हा झाळायचे, आणि ते दहा वर्षं चालायचे. प्लास्टिकची टाकी आणि ॲल्युमिनियमचा गाभा असलेल्याला मी सळई घालत नाही. टाकीचे दात एकदा वाकवले की दुसऱ्यांदा नीट बसतीलच असं नाही. नवा चांगला मिळतो, हेडच्या खर्चाच्या पाव भागातही बऱ्याचदा होतो.

धुण्याबद्दल एक इशारा. कॉस्टिक सोडा टाकू नका, बाथरूमचं ॲसिड तर अजिबात नाही. दोन्ही ॲल्युमिनियम खातात, क्षारांच्या आधी हेडच खातील. बाजारात फ्लशचं द्रावण मिळतं, त्यावर लिहिलेल्या वेळापुरतं चालवायचं, सोडून द्यायचं, मग नळाच्या गोड पाण्यानं तीन-चार वेळा धुवायचं, हीटर पूर्ण गरमवर ठेवून, कारण हीटरच्या कोअरमध्येही तोच चिखल असतो. शेवटचं धुणं बॅटरीच्या पाण्यानं, म्हणजे डिस्टिल्ड वॉटरनं. हळदीचंही सांगून टाकतो. रेडिएटर गळायला लागला की ड्रायव्हर लोक हळद टाकतात. रात्री दोन वाजता मेळघाटात गळती लागली आणि घरी पोचायचं असेल तर टाका, थोडा वेळ थांबतं. पण मग ती काढून टाकावी लागते. एका भावाला पिवळा चिखल दाखवला तर म्हणतो, “हळद टाकली होती बाप्पा, थांबलं होतं ना थोडं!” थांबलं होतं, पण गळतीबरोबर रेडिएटरही थांबला होता.

भरायचं ते कूलंटच. इथं मला हमखास ऐकायला मिळतं, “भाऊ, आपल्याकडे कोठी बर्फ पडते? कूलंट कायले पाह्यजे?” पाण्याचा बर्फ होऊ नये म्हणून नाही टाकत आपण. त्यात गंजविरोधी औषध असतं, आपल्याला तेच हवंय. उकळण्याचा बिंदूही वाढतो. निम्मं कूलंट, निम्मं पाणी असेल तर ते उघड्यावर १०८ च्या आसपास उकळतं, टोपणाच्या दाबाखाली आणखी वीस अंशांनी वर. नुसतं घट्ट कूलंटच भरू नका, उष्णता वाहून न्यायला पाणीच जास्त चांगलं, म्हणून आपल्या उन्हाळ्याला मी तीस ते चाळीस टक्के कूलंट आणि बाकी बॅटरीचं डिस्टिल्ड वॉटर असं करतो. तयार मिसळलेलं मिळतं, त्यात पुन्हा पाणी टाकायचं नाही. हिरवं, लाल, निळं हा नुसता रंग आहे. दोन कंपन्यांची एकत्र करू नका, कधी जेली होते. आणि आरओच्या कॅनचं पाणी? अडीअडचणीला चालेल, बोअरपेक्षा हजारपटीनं बरं. एसीच्या पाइपमधून थेंब थेंब जमा केलेलं पाणीही लोक वापरतात. त्यात क्षार नसतात हे खरं, पण धूळ आणि बुरशी असते. वीस-तीस रुपयांच्या बाटलीसाठी मी ती फजिती करत नाही.

भरताना गाडीचं तोंड चढावर ठेवा, घरासमोरचा उतार चालेल. हीटर गरमवर, टोपण काढलेलं, सावकाश भरत जा, वरची होस मुठीत दाबून सोडत राहा. हवा बुळबुळ करत निघते. टोपण न लावता पंखा एकदा लागेपर्यंत चालू ठेवा, पाणी खाली गेलं की भरा. या कामात घाई केली आणि हवा अडकून राहिली, तर तुम्ही मला फोन कराल की ‘सगळं नवं टाकलं, तरी तपते’.

रस्त्यात काटा चढलाच तर आधी एसी बंद, हीटर पूर्ण जोरात. मे महिन्यात हे ऐकायला वेड लागल्यासारखं वाटतं, पण हीटर हा छोटा रेडिएटरच आहे. काचा उघडा, सावली पाहून थांबा. पंखा फिरत असेल आणि वाफ निघत नसेल तर इंजिन दोन मिनिटं चालू राहू द्या. वाफ निघत असेल तर लगेच बंद. मग अर्धा-पाऊण तास काहीही करू नका. कोरड्या, लाल झालेल्या इंजिनात गार पाणी ओतलं तर हेडला चीर जाईल, आणि मग तो दुसरा मिस्त्री खरा ठरेल.

हेड गेलेलंच निघालं तर त्यावर थोडंसं. नुसतं गॅसकेट बदलून देणाऱ्याकडे जाऊ नका. हेडवर सरळ पट्टी ठेवून फीलर गेजनं (फट मोजायच्या पातळ पात्यांनी) वाक मोजायला लावा, बऱ्याच छोट्या पेट्रोल इंजिनांना ०.०५ मिलिमीटरपेक्षा जास्त वाक चालत नाही. मशीनवर फेसिंग (हेडचं तोंड घासून सपाट करणं), पाण्याच्या दाबावर चिरेची तपासणी, आणि बोल्ट मधून बाहेरच्या क्रमानं, टॉर्कच्या, म्हणजे आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्यानंच.

कूलंट भरून झाल्यावर बाटलीवर मार्करनं आजची रेघ मारा, तारीख लिहा. पहिले चार दिवस रोज सकाळी, गाडी चालू करायच्या आधी, रेघ पाहा. पहिल्या दिवशी थोडं खाली जाईल, ती अडकलेली हवा. भरा. दुसऱ्या दिवसापासून रेघ तिथंच राहिली तर एकदा दुपारी एसी लावून अकोटच्या बाजारात वीस मिनिटं मुद्दाम उभी करा. त्यातही काटा मध्यावर राहिला तर पुढच्या रविवारी चिखलदऱ्याला घेऊन जा, एसी बंद ठेवून. चौथ्या दिवशीही रेघ खाली जात असेल तर प्रेशरचा पंप लावून ०.९ वर पंधरा मिनिटं धरायला सांगा. पंपाचा काटा पंधरा मिनिटांत उतरला आणि बाहेर कुठंही ओल नाही, तेव्हा स्पार्क प्लग काढा. एखाद्या प्लगचं तोंड बाकीच्यांपेक्षा वेगळं, धुतल्यासारखं पांढरं स्वच्छ असेल, तर त्या सिलिंडरचा नंबर मला कळवा. हेडबद्दल मग बोलू.